दहा सेकंदांचा इतिहास : मुष्टियुद्धातील पंचाची भूमिका आणि खेळाडूची सुरक्षितता

प्रस्तावना :

कुस्तीच्या आखाड्यात मल्लाची पाठ जमिनीला टेकली की कुस्ती निकाली निघते. चितपट होणे हाच तेथे निकाल असतो व त्यानंतर पंचाला विचार करण्यासारखे फारसे काही उरत नाही. मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी आहे. तेथे ठोसा बसून खेळाडू खाली पडला तरी लढत संपत नाही. ती केवळ थांबते. पडलेला खेळाडू पुन्हा उभा राहील काय, आणि राहिलाच तर त्याला पुढे लढू द्यावे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ती थांबून राहते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घड्याळ देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंचाला द्यावे लागते आणि त्या उत्तरावर कधी कधी एका माणसाचे आयुष्य अवलंबून असते.

खेळाडू पडल्यानंतरची दहा सेकंदांची मोजणी ही आज मुष्टियुद्धातील सुरक्षिततेची सर्वपरिचित व्यवस्था मानली जाते. परंतु इतिहासात मागे गेल्यास असे दिसते की, या मोजणीचा जन्म पडलेल्या माणसाच्या काळजीतून झालेला नाही. लढतीचा निकाल निर्विवाद लागावा आणि तिच्यावर लावलेल्या पैजांचा हिशेब चोख व्हावा, ही तिच्यामागील मूळ गरज होती. ती व्यवस्था हळूहळू पडलेल्या माणसाच्या उपयोगी कशी आली आणि त्या प्रक्रियेत पंच हा निकाल सांगणाऱ्या व्यक्तीऐवजी जीविताचा रक्षक कसा बनला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. आधुनिक मुष्टियुद्धाचे नियम प्रामुख्याने इंग्लंड व अमेरिका या देशांत घडले असल्याने विवेचनाचा भर तेथील व्यावसायिक मुष्टियुद्धावर ठेवला आहे.

पैजेचे संरक्षण : इ. स. १७४३ ते १८६६

मुष्टियुद्धाचे पहिले लिखित नियम इंग्लंडमधील प्रसिद्ध मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन याने १६ ऑगस्ट १७४३ रोजी प्रसिद्ध केले. जॉर्ज स्टीव्हन्सन नावाच्या प्रतिस्पर्ध्याचा ब्रॉटनशी झालेल्या लढतीनंतर मृत्यू झाला आणि त्या पश्चात्तापातून हे नियम जन्मास आले, असे परंपरेने सांगितले जाते. ही कथा मान्य केली तरी प्रत्यक्ष नियमांचे स्वरूप पाहता त्यांचा रोख अन्यत्र असल्याचे ध्यानात येते. या सात नियमांनुसार मंचाच्या मध्यभागी खडूने एक यार्डाचा चौकोन आखला जाई. एखादा लढवय्या पडला की त्याच्या साहाय्यकाने त्याला अर्ध्या मिनिटाच्या आत चौकोनाच्या कडेशी आणून उभे करावयाचे; तसे न झाल्यास तो पराभूत. पडलेल्या माणसावर प्रहार करण्यास मनाई होती, ही निश्चितच मोठी सुधारणा होय. मात्र पडलेला माणूस लढण्यास योग्य आहे किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नव्हता. उपस्थित प्रतिष्ठित गृहस्थांतून दोन पंच निवडले जात. त्यांचे एकमत न झाल्यास ते तिसरा पंच नेमत. त्यांचे काम वाद मिटविण्याचे होते. लढतींवर मोठ्या रकमांच्या पैजा लागत असल्याने वाद मिटणे हीच त्या काळातील निकडीची बाब होती.

१८३८ मध्ये ओवेन स्विफ्ट याच्याशी झालेल्या लढतीनंतर विल्यम फेल्प्स ऊर्फ ‘ब्रायटन बिल’ याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ‘लंडन प्राइझ रिंग’ या नावाने ओळखले जाणारे नवे नियम तयार झाले. त्यांत एक महत्त्वाचा बदल होता. पडलेल्या लढवय्याला ३० सेकंदांची विश्रांती मिळे. त्यानंतर पुकारा होताच ८ सेकंदांच्या आत त्याने कोणाच्याही आधाराविना मधल्या रेषेपर्यंत चालत येणे आवश्यक ठरले. पूर्वी साहाय्यक बेशुद्धप्राय माणसाला उचलून रेषेवर आणून उभा करीत असत, त्याला यामुळे आळा बसला. माणसाला स्वतःच्या पायांनी चालावे लागणे ही त्याच्या शुद्धीची पहिली, जुजबी का होईना, पण नियमबद्ध परीक्षा होती असे म्हणता येईल.

तथापि या पद्धतीत खेळाडू पडला की फेरी संपे आणि फेऱ्यांच्या संख्येला मर्यादा नव्हती. म्हणजे माणूस पडे, अर्धा मिनिट विसावा घेई, उठे आणि पुन्हा मार खाई. ८ जुलै १८८९ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॉन एल. सलिव्हन व जेक किल्रेन यांच्यात झालेली, उघड्या मुठींनी खेळली गेलेली अखेरची जागतिक हेवीवेट विजेतेपदाची लढत ७५ फेऱ्यांपर्यंत व दोन तासांहून अधिक काळ चालली. ती पंचाने थांबविली नाही. किल्रेनच्या साहाय्यकाने स्पंज फेकून हार पत्करली तेव्हा ती संपली. जीव वाचविण्याचा निर्णय या संपूर्ण कालखंडात साहाय्यकाच्या हाती होता, पंचाच्या नव्हे.

क्वीन्सबेरी नियम आणि दहा सेकंदांचा उदय :

जॉन ग्रॅहॅम चेंबर्स याने तयार केलेले व मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावाने १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेले बारा नियम हे आधुनिक मुष्टियुद्धाचे अधिष्ठान होय. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि हातमोज्यांचा वापर या त्यांतील बाबी सर्वश्रुत आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची तरतूद पडलेल्या खेळाडूविषयीची आहे. अशक्तपणामुळे अथवा अन्य कारणाने पडलेल्या खेळाडूने दहा सेकंदांत कोणाच्याही मदतीशिवाय उठावे. तोपर्यंत प्रतिस्पर्ध्याने आपल्या कोपऱ्यात परतावे. दहा सेकंदांत न उठल्यास दुसऱ्याच्या बाजूने निकाल देण्याचा अधिकार पंचाला असावा, असे हा नियम सांगतो. पूर्वीची अडतीस सेकंदे अशा रीतीने दहावर आली.

हा बदल दयाबुद्धीचा होता की कठोर, याचे उत्तर सोपे नाही. वेळ कमी झाल्याने गंभीर आघात झालेला माणूस पुन्हा मार खाण्यासाठी उभा राहण्याची शक्यता घटली, हे खरे आहे. परंतु जो दहा सेकंदांत कसाबसा उठला, त्याला पूर्वीसारखी अर्ध्या मिनिटाची विश्रांती मात्र राहिली नाही; उठताक्षणी लढत पुन्हा सुरू होई. शिवाय पूर्वी मुठीची हाडे मोडण्याच्या भीतीने डोक्यावर जपून मारणाऱ्या लढवय्याला हातमोज्यांमुळे डोक्यावर वारंवार मारणे शक्य झाले. सुधारणेतून नवा धोका निर्माण होण्याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे आणि तिचे महत्त्व जवळजवळ शंभर वर्षांनी कळून आले. पायांची बोटे जमिनीवरून उचलली गेलेल्या, असहाय अवस्थेत दोरांवर लोंबकळणाऱ्या खेळाडूला पडलेला समजावे, असे तीत म्हटले आहे. शरीर जमिनीला टेकले नाही तरी माणूस पडलेला असू शकतो, हे तत्त्व १८६७ मध्येच मान्य झाले होते. ते किती काटेकोर शब्दांत बांधले गेले होते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पंचाच्या अधिकारवृद्धीमागे कायद्याचा दबावही होता. इंग्लंडमधील १८७८ च्या ऑर्टन खटल्यात आणि १८८२ च्या कोनी खटल्यात न्यायालयांनी असा भेद स्पष्ट केला की, कौशल्याची स्पर्धा वैध; परंतु एकजण थकून वा जखमी होऊन कोसळेपर्यंत चालविलेली झुंज, मग ती हातमोजे घालून का असेना, अवैध. लढवय्यांची संमती हा अशा झुंजीत बचाव ठरत नाही. मुष्टियुद्धाला खेळ म्हणून जगावयाचे असेल तर ते कोसळेपर्यंत चालणार नाही याची हमी देणारी कोणीतरी व्यक्ती आवश्यक होती. ही गरज पंचाच्या रूपाने भागविली गेली. मात्र या काळात लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबमध्ये पंच रिंगणाबाहेर बसूनच काम पाहत असे. दोरांच्या पलीकडून त्याला प्रहार दिसत, खेळाडूचे डोळे दिसत नसत. पुढे पंच दोरांच्या आत आला, ही केवळ सोयीची गोष्ट नव्हती.

तटस्थ कोपरा : न्याय आणि सुरक्षितता यांची गल्लत

प्रतिस्पर्ध्याने आपल्या कोपऱ्यात परतावे, हा नियम विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत फारसा पाळला जात नव्हता. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. विलार्ड उठण्याच्या प्रयत्नात असताना डेम्प्सी त्याच्या शेजारीच उभा असे आणि तो उठताच पुन्हा मारी. १४ सप्टेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्क येथे लुईस फिर्पोविरुद्धही हाच प्रकार घडला. पडलेल्यास दहा सेकंदे मिळत असली तरी ती प्रतिस्पर्ध्याच्या मुठीच्या छायेत मिळत होती.

यावर उपाय म्हणून पाडणाऱ्या खेळाडूने सर्वांत दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जावे आणि तो गेल्याशिवाय पंचाने मोजणी पुढे नेऊ नये, असा नियम आला. या नियमाची परीक्षा २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागो येथील सोल्जर फील्डवर, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर झाली. सातव्या फेरीत डेम्प्सीने जीन टनीला खाली पाडले आणि सवयीप्रमाणे तो जवळच उभा राहिला. पंच डेव्ह बॅरी याने त्याला तटस्थ कोपऱ्याकडे पाठविले व नंतर एकपासून मोजणी आरंभिली. टनी नवाच्या आकड्याला उठला. तोवर तो सुमारे १४ सेकंदे खाली होता. लढत त्याने गुणांवर जिंकली.

ही ‘प्रदीर्घ मोजणी’ मुष्टियुद्धाच्या इतिहासातील एक अखंड वाद होऊन बसली आहे. डेम्प्सीवर अन्याय झाला काय, हा त्या वादाचा गाभा. पुढल्याच फेरीत डेम्प्सी क्षणभर खाली गेला तेव्हा बॅरीने टनीच्या जाण्याची वाट न पाहता मोजणी सुरू केली, हेही टीकाकारांनी दाखवून दिले आहे. परंतु एवढ्या चर्चेत एक प्रश्न बाजूला राहिला. चौदा सेकंदांनंतर उभा राहिलेला टनी लढण्याच्या स्थितीत होता काय, आणि ते तपासणे कोणाचे काम होते? जादा चार सेकंदांचा विचार मालमत्तेसारखा झाला. ती कोणाच्या हक्काची, एवढेच पाहिले गेले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियो येथे माइक टायसन व जेम्स ‘बस्टर’ डग्लस यांच्या लढतीत आठव्या फेरीत डग्लस पडला असता पंचाची मोजणी वेळ नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याच्या मोजणीहून मागे राहिली, तेव्हाही वादाची भाषा हीच होती. खेळाडूने पंचाच्या मोजणीवरच विसंबावयाचे असते, हे तत्त्व त्या वेळी टिकून राहिले.

जो पडलाच नाही : १९६२ ची घटना

मोजणीच्या व्यवस्थेतील मूलभूत उणीव २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उघडी पडली. वेल्टरवेट विजेतेपदाच्या लढतीच्या बाराव्या फेरीत एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेट याला कोपऱ्यात कोंडले. पॅरेटचे शरीर दोरांत अडकले होते. शुद्ध हरपत असताही तो खाली पडला नाही, कारण दोरांनी त्याला पडू दिले नाही. पडला नाही म्हणून मोजणी सुरू होण्याचा प्रश्न नव्हता. अनुभवी पंच रूबी गोल्डस्टीन, जो स्वतः माजी मुष्टियोद्धा होता, मध्ये पडेपर्यंत पॅरेटच्या डोक्यावर ठोशांचा वर्षाव झाला. ३ एप्रिल १९६२ रोजी त्याचा मृत्यू झाला. ही लढत दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित होत होती, त्यामुळे लाखो लोकांनी ती आपापल्या घरात पाहिली. या प्रकरणाची राज्य पातळीवर चौकशी झाली. पंचाला दोषी धरण्यात आले नाही.

नियमाच्या शब्दांकडे पाहता गोल्डस्टीनला दोष देणे कठीण होते. १८६७ च्या नियमात लोंबकळणाऱ्या माणसाला पडलेला मानले होते. पण त्यासाठी पायांची बोटे जमिनीवरून सुटलेली असणे आवश्यक होते. पॅरेटचे पाय जमिनीवर होते. माणसाच्या असहायतेचे मोजमाप त्याच्या शरीराच्या स्थितीवरून करण्याची पद्धत येथे अपुरी पडली. पंचाने काय पाहावे, याचे उत्तर यानंतर बदलणे अपरिहार्य झाले. खेळाडू कोठे आहे याऐवजी तो स्वतःचा बचाव करीत आहे काय, हा प्रश्न क्रमाने केंद्रस्थानी आला.

अवघ्या वर्षभराने, २१ मार्च १९६३ रोजी लॉस एंजलिस येथे शुगर रामोसविरुद्धच्या लढतीत डेव्ही मूर मागे कोसळला व त्याची मान खालच्या दोरावर आदळली. चार दिवसांनी तो मरण पावला. येथे आघातास दोरही कारणीभूत ठरला होता. यानंतर रिंगणाच्या रचनेकडे लक्ष गेले. तीन दोरांऐवजी चार दोर वापरण्याची पद्धत रूढ झाली. पंचाचे सामर्थ्य कोठे संपते हेही या घटनेने दाखविले. एखाद्या क्षणी काय घडेल ते कोणताही पंच रोखू शकत नाही. त्या क्षणापूर्वी लढत कुठवर जाऊ द्यावयाची, एवढेच त्याच्या हाती असते.

मेंदू आणि घड्याळ :

पंचाच्या निर्णयाची भूमिका बदलण्यात वैद्यकशास्त्राचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांत आढळणाऱ्या दीर्घकालीन मेंदूविकाराचे वर्णन केले. १९७३ मध्ये कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ मृत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले की, हानी केवळ बेशुद्ध करणाऱ्या एका ठोशाने होत नाही. असंख्य लहान आघातांची ती बेरीज असू शकते.

तीव्र स्वरूपाच्या मृत्यूंमागील यंत्रणा निराळी आहे. ठोशाने डोके वेगाने फिरते, कवटीच्या आत मेंदू किंचित मागे राहतो आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून बाहेरील आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा ताणून तुटतात. रक्त साचू लागते व मेंदूवर दाब येतो. हे काही सेकंदांत घडेलच असे नाही. मिनिटे, प्रसंगी तास लागतात. या काळात खेळाडू शुद्धीवर असू शकतो, उभा राहू शकतो, बोलू शकतो. दहा सेकंदांची मोजणी माणूस जागा आहे की नाही एवढेच सांगते. त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत आहे किंवा नाही, हे ती सांगू शकत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश व अमेरिकी वैद्यक संघटनांनी मुष्टियुद्धावर बंदीची मागणी केली, तिच्यामागे हे ज्ञान होते.

याच संदर्भात जून १९४७ मधील क्लीव्हलँड येथील घटनेचा उल्लेख करावा लागतो. शुगर रे रॉबिन्सनने आठव्या फेरीत जिमी डॉईल याला पाडले. मोजणी नवापर्यंत आली असताना फेरी संपल्याची घंटा झाली. डॉईल लढत पुढे नेण्याच्या अवस्थेत नव्हताच; दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. १९४६ मध्ये याच शहरात आर्टी लेव्हाइनविरुद्ध त्याने डोक्याला गंभीर मार खाल्ला होता. प्राणघातक ठरलेल्या लढतीचा पंच मागील लढतीतील इजा मोजू शकत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न एका रात्रीपुरता व एका पंचापुरता मर्यादित नाही, ही जाणीव अशा घटनांतून दृढ झाली.

मोजणीकडून परीक्षणाकडे :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या सुधारणांचा विचार या पार्श्वभूमीवर करता येतो. त्यांपैकी सर्वांत अर्थपूर्ण सुधारणा म्हणजे आठापर्यंतची सक्तीची मोजणी. खेळाडू दोन सेकंदांत उठला तरी पंच आठपर्यंत मोजतो. येथे मोजणीचा अर्थच पालटला. खेळाडू उठला असल्याने निकालासाठी तिची गरज उरलेली नसते. ती पंचाला निरीक्षणासाठी मिळालेली सवड असते. या अवधीत पंच त्याचे डोळे पाहतो, हात वर आहेत का ते पाहतो, प्रश्न विचारतो, काही पावले आपल्याकडे चालत यायला सांगतो. १८३८ मध्ये रेषेपर्यंत चालत येण्याची जी अट होती, तीच येथे वेगळ्या हेतूने परतलेली दिसते. तेव्हा चालणे हा लढण्याचा हक्क मिळविण्याचा मार्ग होता. आता ते तपासणीचे साधन झाले.

दुसरी सुधारणा उभ्या खेळाडूच्या मोजणीची. खाली न पडलेल्या, पण अडचणीत आलेल्या खेळाडूला पंचाने थांबवून आठपर्यंत मोजावे, ही पद्धत हौशी मुष्टियुद्धात रुळली आणि व्यावसायिक क्षेत्रातही काही काळ वापरली गेली. पॅरेटच्या प्रकरणातील पोकळी भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. तथापि तिच्यावरील आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखा नाही. बचाव करू न शकणाऱ्या माणसाला आठ सेकंदांचा विसावा देऊन पुन्हा लढावयास लावणे म्हणजे त्याला आणखी मार खाण्याइतपत सावरणे होय. अमेरिकेतील आयोगांच्या संघटनेने स्वीकारलेल्या एकीकृत नियमांत उभ्या खेळाडूची मोजणी वगळण्यात आली. पडलेल्या खेळाडूला कोणत्याही फेरीत घंटा वाचवू शकत नाही, हेही त्यांत स्पष्ट करण्यात आले. लढत थांबविण्याचा अधिकार त्या नियमांनी एकट्या पंचाकडे सोपविला.

तिसरी सुधारणा लढतीच्या लांबीविषयीची आहे. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगास येथे रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत दक्षिण कोरियाचा किम डुक कू कोसळला. दोरांचा आधार घेत तो उठला. पंच रिचर्ड ग्रीनने लढत थांबविली. त्याच महिन्यात किमचा मृत्यू झाला. यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढती १५ ऐवजी १२ फेऱ्यांच्या केल्या आणि १९८० चे दशक संपेपर्यंत अन्य प्रमुख संघटनांनीही तोच मार्ग स्वीकारला. हौशी मुष्टियुद्धात याच्या जोडीला सक्तीच्या वैद्यकीय विश्रांतीची पद्धत आली. डोक्यावरील आघाताने लढत थांबविली गेलेल्या खेळाडूस ठरावीक काळ लढण्यास मनाई केली जाते आणि अशी घटना अल्पावधीत पुन्हा घडल्यास तो काळ वाढतो. एका पंचाचे निरीक्षण अशा प्रकारे पुढील पंचापर्यंत पोहोचते.

दोन सेकंदांचा प्रश्न :

पंचाच्या नव्या भूमिकेची कसोटी पाहणारी घटना १७ मार्च १९९० रोजी लास व्हेगास येथे घडली. हुलिओ सेझार चावेझविरुद्ध मेल्ड्रिक टेलर हा तीनपैकी दोन गुणलेखकांच्या पत्रिकांवर आघाडीवर होता. बाराव्या म्हणजे अखेरच्या फेरीत चावेझने त्याला पाडले. टेलर दहाच्या आत उठला. पंच रिचर्ड स्टील याने तो ठीक आहे काय, असे त्याला विचारले. उत्तर न मिळाल्याने त्याने लढत थांबविली. त्या वेळी दोन सेकंदे उरली होती. ती गेली असती तर टेलर विजेता ठरला असता.

स्टीलवर प्रखर टीका झाली. दोन सेकंदांत आणखी एक ठोसा बसण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, असा युक्तिवाद केला गेला आणि तो निराधार म्हणता येणार नाही. स्टीलची भूमिका अशी होती की, उरलेला वेळ पाहणे हे पंचाचे काम नव्हे. माणसाला पुरे झाले आहे असे दिसले की लढत थांबवावयाची. १९२७ च्या वादाशी या वादाची तुलना उद्बोधक ठरते. बॅरीने घड्याळाला खेळाडूंच्या वर्तनाशी जोडले होते. स्टीलने घड्याळाला आपल्या निर्णयातून वगळले. १७४३ पासून निकालाची सेवा करीत आलेला पंच येथे निकालाच्या विरोधात उभा राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

या वादात खेळाडूच्या स्वायत्ततेचा प्रश्नही गुंतलेला आहे. मुष्टियोद्धा हा प्रौढ, धोका जाणून रिंगणात उतरणारा व्यावसायिक असतो. अनेक वर्षांची मेहनत व कुटुंबाची उपजीविका एका लढतीवर अवलंबून असते. अकाली थांबविलेली लढत त्याचे कधीही न भरून येणारे नुकसान करू शकते, म्हणून पंचाचा सावधपणा नेहमीच निर्दोष असतो असे मानणे योग्य होणार नाही. मात्र ‘मी लढू शकतो’ हे पडलेल्या खेळाडूचे विधान पुरावा म्हणून स्वीकारण्यात एक मूलभूत अडचण आहे. ज्या अवयवाला इजा झाली असण्याची शंका आहे, तोच अवयव ते विधान करीत असतो.

रिंगणाबाहेरील जबाबदारी :

पंचाने वेळीच लढत थांबविली तरी सुरक्षितता पूर्ण होत नाही, हे २१ सप्टेंबर १९९१ च्या लंडनमधील घटनेने सिद्ध केले. ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकेल वॉटसन अकराव्या फेरीच्या अखेरीस जबर जखमी झाला आणि बाराव्या फेरीत पंचाने लढत थांबविली. मात्र मेंदूतील रक्तस्रावावर तातडीने करावयाच्या प्राथमिक उपचारांची पुरेशी व्यवस्था रिंगणालगत नव्हती आणि त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचविण्यात मोलाचा वेळ गेला. वॉटसन वाचला, परंतु त्याला कायमचे अपंगत्व आले. त्याने ब्रिटिश मुष्टियुद्ध नियामक मंडळावर दावा दाखल केला. वैद्यकीय व्यवस्थेचे नियम करणाऱ्या मंडळावर खेळाडूच्या काळजीचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते पाळण्यात कसूर झाली, असा निर्णय अपील न्यायालयाने २००० मध्ये कायम केला. जबाबदारी एका व्यक्तीच्या विवेकावर सोडून संस्थेला हात झटकता येणार नाहीत, हा या निर्णयाचा अर्थ होय. २००३ मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉनचे अंतर सहा दिवसांत चालत पूर्ण केले.

हा प्रश्न आजही सुटलेला नाही. २ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियोतील कोराकुएन सभागृहात एकाच कार्यक्रमात लढलेले शिगेतोशी कोतारी व हिरोमासा उराकावा हे दोन मुष्टियोद्धे मेंदूवरील आघातांमुळे त्याच महिन्यात मरण पावले. कोतारीची लढत पूर्ण १२ फेऱ्या चालून बरोबरीत सुटली होती. तेथे पंचाने कोणालाही बाद मोजले नव्हते. या दुर्घटनेनंतर पौर्वात्य व प्रशांत विभागीय महासंघाच्या विजेतेपदाच्या लढती १२ ऐवजी १० फेऱ्यांच्या करण्याचा निर्णय जाहीर झाला. १९८२ प्रमाणेच येथेही नियमाला गती दिली ती मृत्यूने.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, पडलेल्या खेळाडूसाठी असलेली मोजणी मुळात स्पर्धेच्या निकालाची व पैजेच्या हिशेबाची गरज म्हणून अस्तित्वात आली. तिचे सुरक्षिततेच्या साधनात झालेले रूपांतर हा सुमारे अडीचशे वर्षांचा व अनेक जिवांची किंमत मोजून झालेला प्रवास आहे. दुसरी अशी की, नियमांतील बहुतेक मोठे बदल दुर्घटनेनंतर आले; त्यामुळे प्रत्येक नियम मागील मृत्यूला उत्तर देतो, पुढील मृत्यूची चाहूल त्याला क्वचितच लागते. पॅरेटनंतर दोरांत अडकलेल्या माणसाचा विचार झाला, मूरनंतर दोराचा, किमनंतर फेऱ्यांचा आणि वॉटसननंतर रुग्णालयाच्या वाटेचा. तिसरी बाब अशी की, पंचाला दिलेला अधिकार जसजसा वाढला, तसतसे त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इजेविषयीचे ज्ञानही वाढत गेले. आपल्या निरीक्षणाच्या मर्यादा ज्ञात असतानाही निर्णय घेणे, हे आधुनिक पंचाच्या कार्याचे स्वरूप आहे.

म्हणूनच लढत थांबविण्यातील चुकांकडे समान दृष्टीने पाहता येत नाही. लवकर थांबविलेल्या लढतीने एखाद्याचे विजेतेपद जाते आणि तो ते पुढे पुन्हा मिळवू शकतो. उशिरा थांबविलेल्या लढतीत जे जाते, ते परत मिळविण्यासाठी तो खेळाडू उरतोच असे नाही. दहा सेकंदांची मोजणी माणूस उभा राहील काय, एवढेच विचारत आली आहे. त्याने उभे राहावे काय, हा प्रश्न पंचाने विचारावयाचा आहे, आणि तो विचारण्यासाठी दहापर्यंत थांबण्याचे बंधन त्याच्यावर नाही.